खूण न लावता सोडलेलं पाणी

एका नारळापायी मला चार दिवस जेवण गोड लागत नव्हतं. तुम्ही म्हणाल, सत्तरीला टेकलेली बाई, गावची सरपंच, आणि नारळाला भ्याली! पण भ्याले होते हे खरं आहे, आणि खरं तेच लिहायला बसले आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. पोळा होऊन गेला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. वीस-बावीस दिवस थेंब नाही. धान निसवायला आलेलं. ऐन लोंबी बाहेर पडताना बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी नसलं की दाणा भरत नाही, पोचट लोंब्या हाती येतात, हे आमच्याकडे लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. सगळ्या गावाची नजर तलावावर. आमचा तलाव जुन्या जमीनदार मालगुजारांच्या काळातला, मोठा आहे. त्याच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, पाणी सोडायला दगडी मोरी केलेली आहे, तिला आम्ही तुडूम म्हणतो. तुडुमाच्या तोंडाला लाकडाचा जाडजूड डाट ठोकलेला असतो. तो काढला की पाणी पाटाने बांध्यांमध्ये उतरतं. आणि तो काढण्याची गावची रीत अशी, की सरपंचाने पाळीवरच्या शेंदूर लावलेल्या दगडासमोर नारळ फोडायचा, आणि मग मासोळ्या धरणाऱ्या ढिवरांच्या दसरूमामाने पाण्यात बुडी मारून डाट काढायचा. दसरूमामाच्या आधी त्याचा बाप काढायचा, त्याच्या आधी आजा.

मी ख्रिस्ती बाई. गावात आमची तीनच घरं. सानगडीच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्या अंतरावर आमचं गाव, आणि तिथे एवढ्या सगळ्या धान पिकवणाऱ्या हिंदू घरांनी मिळून, जागा बायांसाठी सुटल्यावर, मला निवडून दिलं. का दिलं? मी काही शिकलेली नाही. शाळेत मी अठरा वर्षं लेकरांची खिचडी शिजवली. आणि बायांचे अर्ज लिहून दिले. राशनचा अर्ज, निराधारचा अर्ज, घरकुलाचा अर्ज. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पगाराला माझं अक्षर लागलेलं आहे, हे मी अभिमानाने सांगते, आणि प्रभू मला त्याबद्दल रागावत असेल असं मला वाटत नाही.

अक्षर शिकले तेही सांगते. लग्न होऊन आले तेव्हा मला अंगठाच येत होता. उपासनेत शास्त्रपाठ वाचला जायचा तेव्हा शेजारच्या बाईचं बोट ओळीवरून सरकायचं, त्या बोटामागे मी माझं बोट सरकवायची. ऐकून पाठ झालेलं होतं, ते डोळ्यांनी ओळखायला लागले. पुढे एकटीने वाचायला लागले तेव्हा सगळ्यांत आधी राजांची पुस्तकं वाचली, कारण त्यांत गोष्टी आहेत आणि मला गोष्टींची भारी हौस. कोणता राजा कसा चढला आणि कुठे घसरला, हे मला तोंडपाठ. माझी सून मला चिडवते, "आत्याबाई, तुमाले आपल्या आमदाराचं नाव आठवत नाई, अन् यहूदाचे राजे एकामागून एक घडाघडा सांगता!" मी म्हणते, बाई, आमदार बदलतात, राजे पुस्तकात बसलेले आहेत, ते कुठे जात नाहीत.

तर अशी मी. सरपंच झाले त्या पहिल्या वर्षी पाऊस भरपूर होता, तुडूम उघडायची वेळच आली नाही. आता आली. आणि मला तो नारळ दिसायला लागला. फोडला तर माझ्या प्रभूला काय सांगू? नाही फोडला तर गाव काय म्हणेल, की हिला निवडून दिलं आणि ही आमच्या रीतीला नाक मुरडते? चार दिवस मी घोळत राहिले. कोणाला विचारलं नाही, हे माझं पहिलं चुकलं. शलमोनाने राज्य हाती आल्यावर देवापाशी पहिलं काय मागितलं? समजणारं मन मागितलं. ते मला पाठ होतं, पण पाठ असणं आणि मागणं यांत फरक आहे, बरं का.

ग्रामपंचायतीत पाणी सोडायचा ठराव झाला. उपसरपंच श्रावणभाऊ दुसऱ्याच दिवशी दारात उभे. त्यांच्या बांध्या पाटाच्या तोंडाशीच.

"बाई, ठराव झाला ना? मंग आता कायची वाट पाहून राहिले? धान सुकून राहिला."

"दसरूमामाले निरोप धाडा लागन ना, भाऊ?"

"कायले? पंचायतीचा गजानन हाय ना. सब्बल घालते अन् काढते डाट. नारळ-बिरळ, पूजा-बिजा, कायले त्या भानगडीत पडता तुमी? तुमचं तं तसंही ते चालत नाई."

मला तर हेच कोणीतरी म्हणायला हवं होतं. इतकं हलकं वाटलं! नारळ फोडायला नको, नाही म्हणायलाही नको. सरकारी ठराव, सरकारी माणूस, सरकारी सब्बल, कोणाचं बोट माझ्याकडे नाही. आणि खोटं कशाला बोलू, वरून मनाला मी एक साजही चढवला. म्हटलं, योशीया राजा नाही का, कोणाची भीड न धरता देवाला धरून चालला? आपणही तशाच. माणूस पळ काढत असतो तेव्हाही त्याला वाटतं की आपण लढाईला निघालो आहोत.

सकाळी गजानन आणि आणखी दोघे पाळीवर गेले. मी पदर खोचून वर उभी. वरून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून घालून त्यांनी डाट हलवला, आणि खालून पाण्याचा असा आवाज निघाला की मी दोन पावलं मागे सरले. पाट भरून पाणी पळायला लागलं. पाटाच्या काठाने बाया उभ्या होत्या, त्यांनी हात वर केले. मी कोण वाटले असेन मला त्या घडीला? राणीच वाटले.

मग गजाननाने वर काढलेलं लाकूड माझ्यासमोर ठेवलं. काळं, कुजलेलं, हातभर.

"बाई, डाट अर्धाच आला."

"अन् अर्धा?"

"गेला पान्यासंगं."

माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. श्रावणभाऊंच्या आलं. त्यांचं तोंड उतरलं. डाट नाही म्हणजे तुडूम बंद करता येत नाही. आणि तुडूम बंद झाला नाही तर दोन-अडीच दिवसांत तलावात चिखल राहील. आज बांध्या भरतील, वाहूनही जातील, पण दाणा भरताना जे दुसरं पाणी लागतं, ते कुठून आणायचं?

एवढ्यात ढिवरपुऱ्याकडून माणसं येताना दिसली. पुढे कमलाबाई, दसरूमामाची बायको. सानगडीच्या बाजारात मासोळ्या विकून विकून तिचा आवाज असा झालेला की पाळीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जावं.

"अवो सरपंचबाई! आमच्या बुढ्याले काहून नाई बलावलं? मेला का तो?"

मी म्हटलं, "कमलाबाई, तुमी समजून घ्या. मले नारळ फोडाचा नोहता. आमच्यात ते चालत नाई, म्हून..."

"नारळ?" ती कमरेवर हात देऊन माझ्याकडे पाहतच राहिली. "नारळाले कोन रडून राहिलं इथं? नारळ आमी फोडला असता वो! तुमी नुसत्या उभ्या राहाच्या होत्या. खूण कोठी हाय?"

"कोणती खूण?"

हे मी विचारलं, आणि पाळीवरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. श्रावणभाऊ जमिनीकडे पाहायला लागले. तेव्हा मला कळलं की गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. कसं ठाऊक असणार? आयुष्यभर नारळ फुटायच्या वेळी आमची तीन घरं लांब उभी राहायची, आणि नारळ फुटला की आम्ही घरी यायचो. आमच्या मते काम तिथे संपत होतं. खरं काम त्याच्यापुढेच होतं. नारळ फोडून झाला की दसरूमामा पाण्यात एक बांबू रोवायचा. पाणी या बांबूच्या बुडाशी आलं की तुडूम बंद, मग कोणाची बांधी कोरडी राहो. शेतकऱ्यांतला एक जाणता त्या बांबूला हात लावायचा. झाला करार. त्याच्या खाली राहील ते पाणी ढिवरांचं, त्यांच्या मासोळ्यांचं. पावसाळ्यात त्यांनी मासोळ्यांचं बीज सोडलेलं असतं, ते या सुमाराला कुठे वीतभर वाढलेलं असतं. गावात एवढे कागद, पण या कराराचा कागद नाही. नारळ, बांबू आणि दोन हात, एवढाच कागद. आणि सरपंचाने तिथे उभं राहायचं ते साक्षीला. मी देवाला धरून राहायला म्हणून जिथून पळाले, तिथे मला कोणी देव सोडायला सांगतच नव्हतं. साक्षीला उभी राहा म्हणत होते.

पुढचे दोन-तीन तास धावपळीत गेले. पोरांनी रेतीच्या गोण्या टाकल्या, त्या घसरून बाजूला पडत. ढिवरांचे दोन जवान गडी बुडी मारून आले. म्हणाले, तोंड दगडी आहे, वाकडंतिकडं आहे, त्या मापाचा डाट असल्याशिवाय बसणार नाही, आणि डाट घडवायला दोन दिवस जातील. मी फोन लावले. एका साहेबांनी सांगितलं, उद्या माणूस पाठवतो. दुसऱ्यांनी सांगितलं, तो तलाव आमच्याकडे येत नाही. पाणी आपलं वाहतच होतं. कोणीतरी मोठ्यानेच म्हणालं, "आपली समजून बसवली होती, पण बाईनं आपल्याले परकंच धरलं." ते मला लागलं. शिवी लागली नसती, ते लागलं. दसरूमामा काही पाळीवर आला नाही. म्हणे घरात दार ओढून बसला आहे, बाहेर निघत नाही.

अकराच्या सुमाराला ढिवरांनी मला अर्ज दिला. खाली सह्या, अंगठे. आणि एक जण म्हणाला, आज याचं उत्तर नाही आलं तर ही सही अविश्वासाच्या कागदावर जाईल.

मी तो अर्ज घेऊन घरी गेले नाही. आमचं प्रार्थनाघर म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. पाळक साकोलीहून रविवारी येतात, किल्ली माझ्यापाशी असते. आत जाऊन दार लावलं. हिज्कीया राजाला शत्रूच्या राजाचं धमकीचं पत्र आलं होतं, तेव्हा तो काय करतो? ते पत्र घेऊन मंदिरात जातो आणि देवासमोर पसरून ठेवतो. सैन्य नाही मोजत, दरबार नाही भरवत, पत्र पसरतो. मला ती गोष्ट सगळ्या राजांच्या गोष्टींत आवडती. म्हटलं, आपणही तसंच करू. मेजावरचं कापड सारखं केलं, अर्ज पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर गीतांची पुस्तकं ठेवली, आणि गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, बघ हे माझ्यावर उठले आहेत. बघ काय लिहिलं आहे.

आणि तो बघेल तेव्हा बघेल, आधी मीच वाचलं. तोवर नुसते अंगठे पाहिले होते, वाचलं नव्हतं. अर्जात शिवी नव्हती. धमकी नव्हती. 'आमच्या गावच्या माननीय सरपंचबाई यांस, विनंती की,' इथून सुरुवात. हा नमुना माझाच! मीच गावाला शिकवलेला, की कितीही राग असला तरी अर्जात आधी मान द्यायचा, मग म्हणणं मांडायचं. खाली म्हटलेलं की आमच्या लेकरांच्या पोटाचा प्रश्न आहे, आम्हाला न विचारता पाणी सोडलं याचं दुःख झालं, आता तुम्हीच मार्ग काढा. तुम्हीच. आणि अंगठ्यांत पहिला अंगठा दसरूमामाचा.

शत्रूचं पत्र असं नसतं. मी हिज्कीयाच्या जागी बसायला आले होते आणि ती जागा माझी नव्हतीच. मग माझी कोणती? गुडघे दुखायला लागले तरी मी उठले नाही. आवाज-बिवाज आला, उजेड पडला, असलं काही मी सांगणार नाही. फक्त एकेक राजा डोळ्यांसमोरून जात राहिला, आणि शौलापाशी येऊन थांबला. शमुवेल संदेष्टा येईतोवर थांब, असं त्याला सांगितलेलं होतं. लोक पांगायला लागले, तो घाबरला, आणि जो यज्ञ करणं त्याचं काम नव्हतं तो स्वतःच उरकून मोकळा झाला. लगेच शमुवेल आला. शौल म्हणतो काय, तर लोक पांगत होते म्हणून केलं. मीही पाळीवर तेच सांगत होते की, धान सुकत होता म्हणून केलं. बहाणाही तोच.

मी अर्जाची घडी घातली. म्हटलं, प्रभू, खुर्ची जायची तर जाऊ दे. ती तुझी, तू पाहून घे. तलाव तेवढा राख. आणि उठले. एवढीच प्रार्थना झाली, पण ती करून उठताना मला जे हलकं वाटलं, ते सकाळच्या हलकेपणासारखं नव्हतं.

ढिवरपुऱ्याला बांध्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, जावं लागतं. चपला हातात घेऊन गेले. उन्हं चांगली चढलेली. वाटेत भेटलं त्याने पाहिलं, कोणी हटकलं नाही. दसरूमामाचं दार खरंच ओढलेलं होतं. मी बाहेरून हाक मारली.

"मामा, मी आली."

आतून कमलाबाई म्हणाली, "आल्या का? हा बुढा केव्हाचा दाराकडं पाहून राहिला."

दसरूमामा जाळं दुरुस्त करत बसला होता. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. मी खाली बसले. म्हटलं, "मामा, चुकलं माह्यं. तुमाले बलावलं नाई. नारळाचं भ्याव वाटलं म्हून तुमाले टाळलं. खुणेचं मले ठाऊक नोहतं, पण विचारलं असतं तं ठाऊक झालं असतं. आता तुमी म्हनान तसं."

त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. गाठ ओढत म्हणाला, "डाट पाहिजे ना?"

"आता कोठून आनू डाट?"

त्याने बायकोकडे पाहिलं. कमलाबाई आत गेली आणि छातीशी धरून एक लाकूड घेऊन आली. बीज्याच्या झाडाचं, नवं, तासून गुळगुळीत केलेलं, बुडाशी निमुळतं, वर दोरीला भोक.

"उन्हाळ्यात घडवला," मामा म्हणाला. "जुना कुजला हे मले दोन वर्सांपासून मालूम. माप माह्या हाताले मालूम. यंदा तुडूम उघडला का बदलून टाकाचा होता."

"मामा, मंग सकाळीच काहून नाई आनला? पानी वाहून राहिलं ना!"

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "आनला होता. खांद्यावर घेऊन निंघालो. पाळीच्या कोपऱ्यापावतो आलो तं पाहिलं, डाट तुटला अन् लोकं तुमच्या भवती जमून राहिले. म्या त्या वक्ती डाट घेऊन आलो असतो तं लोकं काय म्हनले असते? का सरपंचीणनं बिघडवलं अन् ढिवरानं निस्तरलं. तुमची खुर्ची तेथीच गेली असती. गावानं बसवलेल्या मानसाले असं चारचौघांत उतरवू नाई. म्हनलं, पानी उन्ह कलेपावतो दम धरते. बाई येते का पाहू."

"अन् मी आली नसती तं?"

"तं उन्ह कलल्यावर मी जातोच होतो ना. मासोळ्या काय तुमच्या रागानं मरू देऊ?"

कमलाबाई म्हणाली, "मले तेथीच म्हने, तोंड बंद ठेव, डाटाचं कोनाले सांगू नोको. म्हून तं मी दुसऱ्या गोष्टीवरून वरडली!"

तिथे ओसरीवर मला रडू आलं, आणि हसूही आलं. ज्या माणसासाठी मी थांबायला हवं होतं त्याच्यासाठी मी थांबले नव्हते, आणि तो माझ्यासाठी थांबला होता.

आम्ही तिघं पाळीवर गेलो तेव्हा सगळं गाव तिथेच होतं. मामाने डाटाला गोणपाट गुंडाळलं, चिकण माती थापली, कमरेला दोर बांधला. पाणी ओढतं तिथे उतरायचं, हात अडकला तर माणूस वर येत नाही. मी म्हटलं, मामा, जवान गड्याला उतरू द्या. म्हणाला, "त्याच्या हाताले माप मालूम नाई." दोर धरायला श्रावणभाऊ पुढे आले, ढिवरांचे गडी आले, मीही धरला. कोणी नको म्हटलं नाही. मामा पहिल्यांदा गेला आणि तसाच वर आला. दुसऱ्यांदा गेला, वर आला तेव्हा कोपर सोलून रक्त निघत होतं. कमलाबाईचा आवाज बंद झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा गेला तो येईना. दोर हातात थरथरत होता. मी ओठांतल्या ओठांत प्रभूचं नाव घेत होते, माझ्या पुढचा गडी त्याच्या देवाचं घेत होता, दोर एकच होता.

आणि सकाळपासून जो पाण्याचा आवाज कानात भरला होता तो थांबला. एकदम. इतकी शांतता की पाटातलं पाणी ओसरताना ऐकू आलं. मग मामाचं डोकं वर आलं.

त्याने दम घेतला, आणि ओल्या अंगानेच पाण्यात बांबू रोवला. पाणी खुणेच्या वर हातभर शिल्लक होतं. शेतकऱ्यांकडून श्रावणभाऊंनी बांबूला हात लावला. नारळ मामाने फोडला. मी बाजूला उभी होते, हात जोडून, मान खाली घालून, माझ्या प्रभूचे आभार मानत. कोणी माझ्याकडे पाहून कुजबुजलं नाही. प्रसादाचा तुकडा कमलाबाईने माझ्यासमोर धरला नाही, पदरातून गूळ काढून दिला. म्हणाली, "हा तं चालते ना?" चार दिवस मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

त्या हातभर पाण्यावर धानाचं दुसरं पाणी झालं, शेवटच्या बांधीपासून सुरुवात करून. धान दरवर्षीसारखा नाही झाला, पण झाला. मासोळ्या वाचल्या. पुढच्या ग्रामसभेत मी भोंग्यावर सांगितलं की चूक माझी होती, गजाननाची नाही, श्रावणभाऊंची नाही. आणि ठरावाच्या वहीत लिहून घेतलं की दोन्हीकडच्यांनी खूण लावल्याशिवाय तुडूम उघडायचा नाही, सरपंच कोणीही असो. श्रावणभाऊ उठून म्हणाले, मीच बाईंना घाई केली. अविश्वासाचं कोणी नाव काढलं नाही. मला सांगा, अशा गावाचा अभिमान वाटू नये तर काय वाटावं?

माझी भाची गोसीखुर्दच्या धरणामुळे उठून दुसरीकडे वसलेल्या एका गावात सरकारी कामाला आहे. ती मला विचारते, मावशी, ख्रिस्ती माणसाने सरकारी खुर्चीत कसं बसावं? मी आधी तिला मोठमोठ्या गोष्टी सांगायची. आता सांगते, बाई, आपल्याला वाटतं की विश्वास राखायचा म्हणजे लोकांपासून चार हात लांब उभं राहायचं. तसं नाही. उज्जीया राजा धूप जाळायला मंदिरात घुसला तो त्याचं काम नसताना. शौलाने यज्ञ केला तो त्याचं काम नसताना. ज्याचं काम त्याला करू दे, तू तुझ्या जागी साक्षीला उभी राहा. रहबामाने म्हाताऱ्यांचं ऐकलं नाही आणि राज्य फाटलं, म्हणून आधी जाणत्याला विचार. दावीदाचं पाप नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं तेव्हा त्याने नाथानाला बाहेर नाही काढलं, पापच कबूल केलं. अर्ज आला की आधी वाच, मग गुडघे टेक. आणि समर्पण म्हणजे हात जोडून बसणं एवढंच नाही. कधी कधी समर्पण म्हणजे चपला हातात घेऊन एखाद्याच्या दारी जाणं.

एक दिवस मी दसरूमामाला दावीदाची गोष्ट सांगितली. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, आणि गुहेत तोच दावीदाच्या हाती सापडला. पण देवाने बसवलेल्या माणसावर हात टाकणार नाही म्हणून दावीदाने त्याला जाऊ दिलं. म्हटलं, मामा, तुम्ही त्या दिवशी तेच केलंत, न वाचता. माझ्या पुस्तकातला राजा माझ्याच गावात राहतो आणि मासोळ्या धरतो, हे मला सत्तरीला कळलं. मामाने बिडी विझवली, विचार केला, आणि विचारलं, "मंग त्या शौलानं माफी मागतली का?"

मी म्हटलं, "मागतली मामा, रडला बी. पन उशिरा, अन् टिकली नाई."

मामा म्हणाला, "तुमी तं उन्ह कलाच्या आंत आल्या."

तेव्हापासून रोज सकाळी पंचायतीत जाण्याआधी माझी एवढीच प्रार्थना असते. प्रभू, चूक तर माझ्याकडून होणारच. फक्त उन्ह कलायच्या आत मला त्या दारी पोचव. आजवर पोचवत आला आहे.